यंत्राचे उत्तर आणि आपला अदमास



"मोठेपणी उपयोगी पडावे म्हणून मी आता काय शिकू?" हा प्रश्न तुम्ही घरी किंवा शाळेत कधी ना कधी विचारला असेल. उत्तर बहुधा ठरलेले असते : "संगणक शीक. पुढचा काळ त्याचाच आहे." हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. कोणता संगणक, आणि त्यातले काय?

आपल्या देशात १९८४ साली शाळांतून संगणक-साक्षरतेचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू झाला. निवडलेल्या शाळांना इंग्लंडमध्ये तयार झालेले 'बीबीसी मायक्रो' संगणक मिळाले. मुले त्यावर 'बेसिक' या भाषेत आज्ञावली लिहायला शिकली. त्या संगणकाची स्मृती होती ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही तेवढ्या जागेत मावणार नाही. ते संगणक आता वस्तुसंग्रहालयात गेले. ज्या मुलाने त्याची फक्त बटणे पाठ केली, त्याच्या हाती आज काही उरलेले नाही. पण एखादे काम लहान-लहान पायऱ्यांत कसे मांडावे हे ज्याला कळले, त्याचे ते ज्ञान आजही चालू नाणे आहे.

त्याही आधी अभियंत्यांच्या खिशात 'स्लाइड रूल' नावाची सरकपट्टी असे. तिच्यावर गुणाकार-भागाकार झटपट होत. पण तिची एक गंमत होती. २ × ३, २० × ३ आणि २०० × ३० या तिन्ही गुणाकारांना ती एकाच खुणेवर '६' दाखवी. ते ६, ६० की ६,००० हे वापरणाऱ्याने स्वतःच ठरवायचे! म्हणजे उत्तर साधारण केवढे येणार, याचा अदमास डोक्यात असल्याशिवाय पट्टी वापरताच येत नसे. १९७२ साली खिशात मावणारे एचपी-३५ हे गणकयंत्र बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत सरकपट्टी मागे पडली. गणकयंत्र दशांशचिन्हही स्वतःच देते. सोय मोठी झाली. पण उत्तराचा आधी अदमास घेण्याची जी सक्ती होती, ती गेली आणि तिच्याबरोबर पुष्कळांची सवयही गेली.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या हाती कोणते यंत्र असेल, हे आज ठरवणे अवघड आहे. मात्र ते काहीतरी उत्तर देईल आणि ते उत्तर स्वीकारायचे की नाही हे तुम्हाला ठरवावे लागेल, एवढे नक्की. म्हणून या पाठात आपण यंत्राच्या उत्तराला लावण्याच्या चार कसोट्या शिकू. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि काही चिठ्ठ्या पुरेत.

पहिली कसोटी : सुमारे किती?

समजा, तुमच्या वर्गातील ३८ मुलांची सहल जायची आहे. प्रत्येकी वर्गणी ४१५ रुपये. एकूण किती जमतील? गणकयंत्र हातात घेण्यापूर्वी मनाशी म्हणा : ३८ म्हणजे जवळजवळ ४०, ४१५ म्हणजे जवळजवळ ४००. चाळीस गुणिले चारशे, सोळा हजार. उत्तर याच्या आसपास असले पाहिजे. आता यंत्राने १५,७७० दाखवले तर ठीक. १,५७७ किंवा १,५७,७०० दाखवले, तर कुठेतरी बोट चुकले आहे.

अदमासाने उत्तर केवढे आहे ते कळते. आतला एखादा अंक चुकला असेल तर? त्यासाठी नवाचा ताळा आहे. संख्येतील अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जायची. ३८ : ३ + ८ = ११, १ + १ = २. ४१५ : ४ + १ + ५ = १०, १ + ० = १. या दोहोंचा गुणाकार २. आता उत्तर पाहा. १५,७७० : १ + ५ + ७ + ७ + ० = २०, २ + ० = २. ताळा जमला. उत्तर १५,८७० आले असते तर बेरीज २१, म्हणजे ३ आली असती आणि चोरी पकडली गेली असती.

पण ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबरच, असे समजू नका. १,५७७ आणि १७,५७० यांचाही ताळा जमतो, कारण अंक तेच आहेत. पहिली चूक अदमासाने पकडता येते. दुसरीसाठी अदमास जरा घट्ट करा. मुले ४० पेक्षा कमी आहेत आणि ४० × ४१५ = १६,६००, तेव्हा उत्तर त्याहून मोठे असूच शकत नाही. १५,७०७ आले तर काय कराल? शेवटचा अंक पाहा. ८ × ५ = ४०, म्हणून उत्तराच्या शेवटी शून्यच हवे. एक जाळे सगळे मासे पकडत नाही. वेगवेगळ्या चुकांसाठी वेगवेगळ्या चाळण्या लावाव्या लागतात.

तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी हे पाढे येत असतील तर त्यांच्याकडून ऐका. दुकानदाराचा हिशेब पुरा होण्याआधीच "सव्वाशेच्या आसपास झाले पाहिजेत" असे ही माणसे सांगत. आज बिल यंत्रातून छापून येते. तरीही ते हाती घेण्यापूर्वी असा आकडा मनात असणे चांगले.

दुसरी कसोटी : कशाचे किती?

उत्तरातील आकडा बरोबर असूनही उत्तर चूक असू शकते. ते कसे, हे कॅनडातील एका खऱ्या घटनेवरून पाहू.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघायचे होते. विमान नवे कोरे होते, पण त्यातील इंधन दाखवणारे मापक बंद पडले होते. त्यामुळे टाकीत मोजपट्टीने खोली पाहून इंधन मोजण्यात आले. ते भरले ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलोग्रॅम. आता लिटरचे किलोग्रॅम करायचे. त्यासाठी एक लिटर इंधनाचे वजन माहीत हवे. कागदावर आकडा होता १.७७. हिशेब असा झाला :

७,६८२ × १.७७ = १३,५९७ (टाकीत असलेले)
२२,३०० − १३,५९७ = ८,७०३ (अजून हवे)
८,७०३ ÷ १.७७ = ४,९१७ लिटर (भरायचे)

तुम्ही हे गणित करून पाहा. गुणाकार, वजाबाकी, भागाकार, सगळे अचूक आहे. ४,९१७ लिटर इंधन भरले गेले. मापक बंद असल्यामुळे वैमानिकांनी विमानातील संगणकाला सांगितले की आपल्याजवळ २२,३०० किलोग्रॅम इंधन आहे. संगणकाने ते मान्य केले आणि खर्च होईल तसतसे त्यातून तो इमानाने वजा करू लागला. ओटावाला पुन्हा मोजणी झाली, पण गुणायला आकडा पुन्हा १.७७ हाच घेतला.

चूक कुठे होती? त्या काळात कॅनडा पौंड सोडून किलोग्रॅम वापरू लागला होता. १.७७ हे एक लिटर इंधनाचे पौंडांतील वजन होते. किलोग्रॅममध्ये ते ०.८०३ आहे. विमानात २२,३०० किलोग्रॅम नव्हे, तर सुमारे तेवढे पौंड इंधन होते. म्हणजे हवे त्याच्या निम्म्याहूनही कमी.

बारा किलोमीटरहून अधिक उंचीवर असताना इंधन संपले. एकापाठोपाठ एक दोन्ही इंजिने बंद पडली. विमानाचे जणू एक प्रचंड ग्लायडर झाले. सुदैवाने मुख्य वैमानिक रॉबर्ट पीअरसन यांना बिनइंजिनाची ग्लायडर विमाने चालवण्याचा अनुभव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना जवळच्या गिमली गावातील हवाई दलाचा जुना तळ माहीत होता. विमान तरंगत-तरंगत तिथे उतरले. विमानात ६९ माणसे होती. काहींना किरकोळ दुखापती झाल्या, पण प्राण सर्वांचे वाचले.

आता थोडे थांबा आणि विचार करा. ही चूक पकडायला कोणते ज्ञान पुरेसे होते? विमानाचे इंधन रॉकेलच्या जातीचे असते. रॉकेल पाण्यावर तरंगते हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. पाण्यावर तरंगणाऱ्या द्रवाचे एक लिटरचे वजन त्याहून कमीच असणार. मग ते १.७७ किलोग्रॅम कसे असेल? सहावी-सातवीच्या विज्ञानाने हा आकडा तिथल्या तिथे फेटाळता आला असता.

विज्ञानाच्या पेपरात एकक लिहिले नाही म्हणून गुरुजी अर्धा गुण कापतात, तेव्हा आपल्याला राग येतो. त्या कागदावर '१.७७' यापुढे 'पौंड' हा एक शब्द असता आणि तो कोणी वाचला असता, तर विमान वाटेत कोरडे पडले नसते. संगणकाला एककाची पर्वा नसते. जो आकडा द्याल तो तो खरा धरतो.

तिसरी कसोटी : यंत्र आत काय करते?

आतापर्यंत चूक माणसाची होती. पण यंत्राच्या रचनेतही मर्यादा असतात. त्या माहीत नसतील तर काय घडते ते आता पाहू.

आपण दहा अंकांनी संख्या लिहितो. ती दशमान पद्धती. संगणक ० आणि १ या दोनच अंकांनी लिहितो. ती द्विमान पद्धती. दशमान पद्धतीत दशांशचिन्हानंतरची घरे एकदशांश, एकशतांश अशी असतात. द्विमान पद्धतीत ती घरे अर्धा, पाव, एकअष्टमांश, एकषोडशांश अशी अर्ध्या-अर्ध्याने लहान होत जातात. म्हणून अर्धा म्हणजे ०.१, पाव म्हणजे ०.०१ आणि पाऊण म्हणजे ०.११. आपल्या पावकी-निमकीतले अपूर्णांक संगणकाला किती सोपे जातात पाहा!

पण एकदशांश? तो द्विमान पद्धतीत लिहून पाहू. रीत सोपी आहे. अपूर्णांकाची दुप्पट करा. दुप्पट १ पेक्षा लहान असेल तर ० लिहा. १ किंवा त्याहून मोठी असेल तर १ लिहा आणि त्यातून १ वजा करा. उरलेल्याची पुन्हा दुप्पट करा.

०.१ ची दुप्पट ०.२, लिहा ०
०.२ ची दुप्पट ०.४, लिहा ०
०.४ ची दुप्पट ०.८, लिहा ०
०.८ ची दुप्पट १.६, लिहा १, उरले ०.६
०.६ ची दुप्पट १.२, लिहा १, उरले ०.२

अरे! पुन्हा ०.२ आले. म्हणजे यापुढे तेच चक्र सुरू : ०.०००११००११००११... आपल्याकडे एकतृतीयांश लिहिताना ०.३३३३... संपत नाही, तसा संगणकाकडे एकदशांश संपत नाही. संगणकातील घरे मात्र मोजकी. कुठेतरी शेपटी तोडावीच लागते. पहिली नऊ घरे घेतली तर किंमत येते ०.०९९६०९३७५. ही ०.१ च्या अगदी जवळ आहे, पण ०.१ नव्हे.

एवढ्याशा शेपटीने काय बिघडते? फेब्रुवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध चालू होते. सौदी अरेबियात धाहरान येथे अमेरिकेची 'पॅट्रियट' ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती. शत्रूचे क्षेपणास्त्र रडारला दिसले की ते पुढच्या क्षणी कुठे असेल याचे गणित तिचा संगणक करी. त्यासाठी त्याचे अंतर्गत घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत असे. हा दशांश २४ द्विमान अंकांत साठवला होता, शेपटी तोडून. दर दशांशाला चूक होत होती सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची.

यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली की घड्याळ शून्यापासून चाले आणि साठलेली चूक पुसली जाई. पण धाहरानची यंत्रणा सुमारे १०० तास अखंड चालू होती. आता गणित करा. १०० तास म्हणजे ३,६०,००० सेकंद, म्हणजे ३६,००,००० दशांश. त्याला ०.०००००००९५ ने गुणा. उत्तर येते सुमारे ०.३४ सेकंद. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा वेळ! पण समोरून येणारे स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येत होते. ०.३४ सेकंदात ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. रडारने भलतीकडेच पाहिले. तिथे काही दिसले नाही, म्हणून यंत्रणेने प्रतिहल्ला केला नाही. २५ फेब्रुवारीला ते क्षेपणास्त्र सैनिकांच्या निवासावर आदळले आणि २८ जण मृत्युमुखी पडले. सुधारलेली आज्ञावली दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचली.

यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. यंत्रणा 'फार वेळ' चालू ठेवल्यास चूक होऊ शकते, असा इशारा चार दिवस आधी पाठवला गेला होता. पण फार वेळ म्हणजे किती तास, हे त्यात लिहिले नव्हते. वर तुम्ही केलेला गुणाकार कोणी करून 'इतके तास' असे लिहिले असते, तर त्या इशाऱ्याला अर्थ आला असता. 'फार', 'थोडे', 'लवकर' हे शब्द विज्ञानात दिसले की लगेच विचारावे, किती?

चौथी कसोटी : वाक्य शोभते, पण खरे आहे का?

आजची यंत्रे नुसती गणिते करीत नाहीत. ती निबंध लिहितात, प्रश्नांची उत्तरे देतात, तेही मराठीत. हे कसे घडते याचा एक छोटा नमुना आपण चिठ्ठ्यांनी बनवू.

ही चार वाक्ये घ्या :

गाय गवत खाते.
शेळी पाला खाते.
शेळी दूध देते.
आई दूध तापवते.

आता कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द आला याची नोंद करा. वाक्याची सुरुवात : गाय एकदा, शेळी दोनदा, आई एकदा. 'गाय'पुढे 'गवत'. 'शेळी'पुढे एकदा 'पाला', एकदा 'दूध'. 'आई'पुढे 'दूध'. 'गवत' आणि 'पाला' यांपुढे 'खाते'. 'दूध'पुढे एकदा 'देते', एकदा 'तापवते'. प्रत्येक नोंदीच्या चिठ्ठ्या करून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. सुरुवातीच्या वाटीतून एक चिठ्ठी उचला. तिच्यावर जो शब्द असेल त्याच्या वाटीतून पुढची उचला. असे वाक्य पुरे करा आणि चिठ्ठ्या परत ठेवा.

दहा-बारा वेळा करून पाहिलेत तर बहुधा एखादे वाक्य असे निघेल : "शेळी दूध तापवते." हे वाक्य मूळ चारांत नव्हते. तुमच्या चिठ्ठ्यांनी ते नवे रचले. व्याकरण निर्दोष आहे. कर्ता, कर्म, क्रियापद सारे जागच्या जागी. फक्त ते खोटे आहे! आपल्या वाट्यांना शेळी ठाऊक नाही, दूध ठाऊक नाही आणि चूलही ठाऊक नाही. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभतो एवढेच त्यांना ठाऊक आहे.

ही कल्पना जुनी आहे. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ साली पुश्किनच्या एका काव्यातील २०,००० अक्षरे मोजून, स्वरामागून व्यंजन किंवा स्वर किती वेळा येतो याचा अभ्यास केला होता. १९४८ साली अमेरिकेतील क्लॉड शॅनन यांनी याच रीतीने इंग्रजी शब्दांची वाक्ये जुळवून दाखवली. आजची भाषायंत्रे आपल्या वाट्यांपेक्षा कितीतरी पुढे गेली आहेत. ती मागचा एकच शब्द न पाहता आधीचा सारा मजकूर विचारात घेतात. त्यांनी वाचलेला मजकूर प्रचंड असतो आणि त्यांच्या आत अब्जावधी आकडे जुळवलेले असतात. त्यामुळे त्यांची उत्तरे पुष्कळदा बरोबर आणि उपयोगी असतात. पण पुढे काय येणे संभवनीय आहे याचा हिशेब, हा त्यांचा पाया आजही आहे. म्हणूनच मधूनमधून एखादी 'दूध तापवणारी शेळी' त्यांच्याही उत्तरात येते, आणि तीही तितक्याच आत्मविश्वासाने.

शेळीचे वाक्य तुम्ही पकडलेत, कारण शेळी तुम्हाला माहीत आहे. ते वाक्य एखाद्या औषधाच्या मात्रेविषयी किंवा इतिहासातील सनावळीविषयी असते तर? ज्या विषयातले तुम्हाला काहीच माहीत नाही, त्या विषयात खरे-खोटे ओळखता येत नाही. "सगळे यंत्राला विचारता येते, मग पाठ कशाला करायचे, वाचायचे कशाला?" या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. यंत्राला प्रश्न विचारायला ज्ञान लागत नाही, पण त्याचे उत्तर तपासायला लागते.

निर्णय कोणाचा?

या चारही कसोट्या एकाच वेळी पणाला लागल्या असा एक प्रसंग सांगतो. २६ सप्टेंबर १९८३ची रात्र. सोव्हिएत संघात मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-१५ या ठिकाणी स्तानिस्लाव पेत्रोव्ह हे लष्करी अधिकारी कामावर होते. अमेरिकेने अण्वस्त्रे सोडली तर उपग्रहांकडून त्याची सूचना संगणकामार्फत तिथे येई. मध्यरात्रीनंतर भोंगा वाजला. एक क्षेपणास्त्र निघाले आहे. थोड्या वेळाने आणखी चार. यंत्र निःशंक होते. पेत्रोव्ह यांनी 'हल्ला झाला' असे वर कळवले असते, तर त्याचे परिणाम काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही.

त्यांनी विचार केला, पाचच क्षेपणास्त्रे? अणुयुद्ध सुरू करणारा देश शेकडो सोडील, पाच नाही. उपग्रहांची ही यंत्रणा नवी होती, आणि जमिनीवरील रडारवर काहीच दिसत नव्हते. त्यांनी ही सूचना खोटी असल्याचे कळवले. ती खोटीच होती. उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्राच्या ज्वाळेसारखा दिसला होता.

पेत्रोव्ह यांनी काय केले ते पाहा. आकडा केवढा असायला हवा होता याचा अदमास घेतला. यंत्र किती भरवशाचे आहे ते आठवले. दुसऱ्या, स्वतंत्र साधनाशी उत्तर ताडून पाहिले. मगच बोलले. हे सारे करायला त्यांच्याजवळ मिनिटेच होती. ऐन वेळी अशी सवय अंगी आणता येत नाही. ती आधीपासून असावी लागते.

याचा अर्थ यंत्रावर अविश्वास ठेवा असा मुळीच नाही. गुणाकारात यंत्र आपल्यापेक्षा क्वचितच चुकते आणि गिमलीची चूक यंत्राची नव्हतीच. तपासणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. सुतार लाकूड कापण्यापूर्वी दोनदा मापतो, तेव्हा तो पट्टीचा अपमान करीत नसतो.

मग तयारी कशी कराल?

आजपासून चार गोष्टी करा. गणित सोडवण्यापूर्वी वहीच्या समासात अदमासाचे उत्तर लिहा. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा आणि आकडा शक्य कोटीतला आहे का ते पाहा. जे यंत्र वापरता ते आत काय करते हे एकदा तरी कागदावर करून पाहा. आणि यंत्राने सांगितलेली माहिती महत्त्वाची असेल, तर ती दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहा : पुस्तकात, शिक्षकांकडे किंवा स्वतः प्रयोग करून. यासाठी महागडा संगणक लागत नाही. खेड्यातील शाळेत, एका फळ्यावरही हे सर्व होऊ शकते. उद्या कोणतेही यंत्र आले तरी या सवयी जुन्या होणार नाहीत.

करून पाहा

१. गिमलीच्या विमानात माँट्रियलला खरोखर किती लिटर इंधन भरायला हवे होते? आधी ०.८ हा आकडा धरून तोंडी अदमास करा, मग ०.८०३ धरून नेमके उत्तर काढा.

२. ०.२ आणि ०.६२५ हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत लिहा. कोणता संपतो, कोणता संपत नाही?

३. ६४ × २९ या गुणाकाराची चार उत्तरे चौघांनी आणली : १८,५६०, १,९५६, १,५८६ आणि १,८५६. पुन्हा गुणाकार न करता तीन चुका पकडा.

४. चिठ्ठ्यांच्या प्रयोगात 'वासरू दूध पिते' हे पाचवे वाक्य मिसळले, तर एकूण किती वेगवेगळी वाक्ये तयार होऊ शकतील? त्यांतील खोटी कोणती?

उत्तरे : (१) अदमास सुमारे २०,००० लिटर, नेमके उत्तर सुमारे २०,०८९ लिटर. (२) ०.६२५ म्हणजे ०.१०१, हा संपतो. ०.२ म्हणजे ०.००११००११..., हा संपत नाही. (३) अदमास ६० × ३० = १,८००, म्हणून १८,५६० चूक. १,९५६ चा नवाचा ताळा ३ येतो, हवा २, म्हणून चूक. १,५८६ चा ताळा जमतो, पण ६० × २९ = १,७४०, आणि उत्तर त्याहून मोठे हवे, म्हणून तेही चूक. (४) अकरा. खोटी कोणती ते शोधायला कोणतेही यंत्र वापरू नका, गोठ्यात जाऊन पाहा!